लाडकुंवरबाईंची आठ सिलिंडर

१९९१च्या एप्रिलअखेरची एक सकाळ. दोंडाईच्याच्या जैन स्थानकात साधू महाराजांचं प्रवचन चालू होतं, आणि लाडकुंवरबाईंच्या मोटारीनं ते थांबवलं. थांबलं मिनिटभरच, पण गावाला तेवढं पुष्कळ झालं.

स्थानकात लाउडस्पीकर नसतो. हे साधू विजेवरचं काही वापरत नाहीत. पंखा नाही, दिवा नाही, माइक नाही. दोनशे माणसं जमिनीवर गप्प बसतात आणि महाराजसाहेब साध्या आवाजात बोलतात. गल्ली अरुंद, आणि तिचं एक टोक सरकीच्या वखारीच्या भिंतीनं बंद. त्या बंद टोकाशी लाडकुंवरबाईंचं घर. त्यांना कुठंही जायचं तर स्थानकावरूनच जावं लागे. गाडीचा सायलेन्सर तीन वर्षं गंजत होता. त्या सकाळी तो नेमका स्थानकासमोरच्या गतिरोधकावर फुटला. पुढं जे झालं त्यानं खिडक्यांची तावदानं वाजली. पिंपळावरची कबुतरं उडाली ती वखारीपलीकडं जाऊन बसली. महाराजसाहेब थांबले, हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या त्यांना आधी."

सगळे हसले. पहिल्या रांगेतला अभयकुमार हसला नाही. लाडकुंवरबाई त्याची आई.

गाडी होती १९६८ची डॉज. गडद हिरवी, दोन दारांची, लांब नाकाची. सहा हजार तीनशे सीसीचं आठ सिलिंडरचं इंजिन. कागदावर तीनशेच्या वर घोडे. मुंबईत कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबानं ती आणली होती आणि तो मायदेशी गेल्यावर लिलावात निघाली, तेव्हा बाईंचे यजमान, गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक लालचंद शेठ कापसाच्या सौद्याला म्हणून मुंबईला गेले होते ते गाडी घेऊन परत आले. स्टिअरिंग डावीकडं. गियर आपोआप पडणारे. क्लच नाहीच.

या शेवटच्या गोष्टीवर सगळं अडलं होतं. लाडकुंवरबाईंचा डावा गुडघा १९७४ साली जिन्यावरून पडल्यापासून वाकत नाही. दुसरी कुठलीही गाडी त्यांना चालवता येत नव्हती, कारण प्रत्येक गाडीत डाव्या पायाला क्लच दाबावा लागतो. या गाडीत डाव्या पायाला काम नव्हतं. शेठनी त्यांना जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाठींच्या थप्प्यांमधून, दोन महिन्यांत गाडी शिकवली. १९८८ला शेठ गेले. लोकांना वाटलं, आता गाडी ताडपत्रीखाली जाईल. तेराव्यानंतर सव्वा महिन्यानं बाई पांढऱ्या साडीत गाडी घेऊन चिमठाण्याच्या मळ्यावर गेल्या. तेव्हापासून खेडोपाडी जाऊन कापूस पाहण्याचं काम त्याच करत. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढली की धागा किती लांबीचा ते सांगत, आणि जिनिंगचे दलाल ते मान्य करत.

प्रवचनाच्या त्या दिवशी संध्याकाळी अभयकुमार ओसरीवर येऊन बसला. वय चौतीस, हिशेबी, आवाज न चढवणारा.

"बाई," तो म्हणाला. मारवाडी घरातल्या रीतीनं तो आईला बाईच म्हणे. "आता पुरे. डिझेल बसवू."

तेव्हा सगळेच तसं करत होते. आखाती युद्धानंतर पेट्रोल भडकलं आणि जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं निघून भंगारात जाऊ लागली. त्यांच्या जागी जीपचं डिझेल इंजिन आणि जीपचाच गियरबॉक्स बसे. जळगावात दोन गॅरेजं फक्त एवढंच काम करत.

"जीपचा गियरबॉक्स म्हणजे क्लच आला," बाई म्हणाल्या.

"ड्रायव्हर ठेवू ना. तुम्ही मागं आरामात बसा. म्हणाल तिथं नेईल तो."

"मला कुणी न्यायला नकोय. मला जायचंय."

अभयकुमार उठून आत गेला. बाईंना वाटलं, मुद्दा सायलेन्सरचा आहे, तो बंद केला की हा विषयही बंद होईल. आणि इथं त्यांनी चूक केली. ती चूक जन्मभर कापसात राहिलेलं माणूसच करू शकतं.

जिनिंगमध्ये सगळ्याला एकच औषध असे. दार वाजतंय, रुई लावा. यंत्राचा पाया हादरतोय, रुई दाबा. रात्री कानात ठणका, रुईचा बोळा. बाईंनी गावातल्या जीवराम गॅरेजवाल्याला बोलावलं, सायलेन्सर कापून उघडायला लावला आणि आत गाठीसारखी रुई दाबून भरून घेतली. जीवराम म्हणाला, "शेठाणी, हे कुठं पाह्यलं नाही मी." बाई म्हणाल्या, "मग आता पाहा."

वेल्डिंग झाल्यावर गाडी इतकी गप्प झाली, की जीवरामनं ती चालू आहे का ते पाहायला बॉनेटवर हात ठेवला. बाई विजयी मुद्रेनं शिंदखेड्याच्या रस्त्याला चार मैल जाऊन आल्या. जाताना गाडी ओढेना. येताना ती जास्तच ओढेना. जिनिंगच्या फाटकात शिरल्या तेव्हा मागच्या नळीतून पिवळा धूर निघत होता, आणि धुरात लाल ठिणग्या होत्या. आवारात हंगामाच्या शेवटच्या ऐंशी गाठी उघड्यावर होत्या. हमालांनी ओरडा केला, मगन मुकादमानं गाडी तशीच मागं ढकलायला लावली आणि तिच्याखाली वाळूच्या बादल्या ओतल्या. काही पेटलं नाही. पण पेटू शकलं असतं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

आठवड्याभरात जळगावहून टेम्पोतून एक डिझेल इंजिन आलं आणि आवारात गोणपाटावर ठेवलं गेलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जळगावचा मिस्त्री ते बसवायला येणार होता.

बाईंनी ते इंजिन एकदा फिरून पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "रुईची चूक माझी. ती मान्य. पण चूक सायलेन्सरची होती, इंजिनची नाही. त्याला का काढतोस?"

"आधी प्रवचन बंद पडलं. मग आग लागता लागता राहिली. अजून काय व्हायला हवं?"

"प्रवचनाचंच बोल. महाराजसाहेब आखाजीपर्यंत आहेत. त्याआधी एका सकाळी प्रवचन चालू असताना मी गाडी स्थानकावरून नेईन. त्यांचं एक अक्षर बुडलं, तर तुझं इंजिन बसव. मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही बुडलं, तर गाडीला हात लावायचा नाही."

अभयकुमारनं विचार केला. "आणि बुडलं की नाही हे कोण ठरवणार? तुम्ही?"

"मोठीबाई."

मोठीबाई म्हणजे हीराबाई, लाडकुंवरबाईंची मोठी जाऊ. वय अडुसष्ट. त्या वर्षी त्यांचा वर्षीतप चालू होता: एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर, आखाजीला उसाच्या रसानं तो सुटणार. रोज प्रवचनाला खिडकीजवळ तिसऱ्या ओळीत बसत. त्या खोटं बोलतील असं त्यांच्या शत्रूलाही वाटलं नसतं. अभयकुमारनं मान डोलावली.

बाईंना अठरा दिवस मिळाले.

जीवरामनंच सांगितलं, "धुळ्याला जा. आग्रा रोडवर हिलाल मिस्त्री. तो ट्रकचे सायलेन्सर करतो, पण त्याच्यासारखी नळी कोणी वाकवत नाही." जळक्या सायलेन्सरभोवती तात्पुरता पत्र्याचा डबा बांधून, रस्त्यातली गावंच्या गावं जागी करत, बाई धुळ्याला पोचल्या.

हिलाल मिस्त्री साठीचा, सुकलेला, पांढरी टोपी काळी झालेली. तो ट्रकखालून निघाला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या बाजूच्या दाराशी येऊन थबकला. बोलणं सगळं अहिराणीतलं.

"भाभी, हाई गाडी शे का रनगाडा?"

"तुम्हीच सांगा, हिलालभाऊ."

"आनि तुम्ही चालाडतस?"

"इथपर्यंत तर आले."

मिस्त्री खाली शिरला. जुना सायलेन्सर काढला, कापला, आत हात घातला आणि मूठभर काळी राख बाहेर काढून बाईंसमोर धरली. "रुई कोन्ही भरी हाई?"

"मी."

मिस्त्रीनं बाईंकडं पाहिलं, राखेकडं पाहिलं. हसू आवरायला त्याला खोकावं लागलं. मग म्हणाला, "चालस. जो नविन करी तोच चुकी."

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर टायरवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "शेठाणी, पुढच्या वेळी सरकीसकट भरा. तेलही निघेल." बाईंनी त्याच्याकडं पुरता एक क्षण पाहिलं. "आधी तुमच्या गाडीत भरून बघते," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हर चहाकडं वळला.

हिलालनं इंजिन चालू करायला सांगितलं. दोन्ही बाजूंच्या नळ्यांची तोंडं उघडी होती. आवाजानं पत्र्याची शेड हलत होती. त्यानं दोन्ही तोंडांपाशी तळहात धरले आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग बाईंना बोलावलं. "हात ठेयीसन देखा."

बाईंनी धरले. गरम वारा तळव्यावर ठोके देत होता, पण ठोके सारखे नव्हते. उजवीकडं दोन ठोके लागोपाठ, मग खंड. तेवढ्यात डावीकडं दोन. चालताना लंगडणाऱ्या माणसासारखे. बाईंना ते ओळखीचं वाटलं.

"आजारी आहे का ते?"

"नही वं. जनमनंच तसं शे."

त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. चार सिलिंडर या अंगाला, चार त्या. पण ते एका आड एक पेटत नाहीत. मधेच एका अंगाचे दोन लागोपाठ पेटतात. म्हणून ती घुमघुम, म्हणून तो दणका. आता हे बाहेर कसं सोडायचं, याचे तीन रस्ते होते.

पहिला, दोन्ही नळ्या पुढंच एकत्र करून एकच नळी मागं न्यायची आणि तिला ट्रकचा मोठा सायलेन्सर लावायचा. सगळ्यात गप्प. पण आठांचा श्वास एका नाकातून. सपाटीला चालेल, चढावर इंजिन तापेल, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचे व्हॉल्व्ह जळतील. मग डिझेल बसवणारे म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो.

दुसरा, दोन अंगांना दोन सरळ मोकळ्या नळ्या. इंजिन असं पळेल, की पुन्हा तरुण होईल. फक्त स्थानक आणि दोंडाईचा दोन्ही सोडावं लागेल.

तिसरा, दोन नळ्या, प्रत्येकीला एक लांब सायलेन्सर: मधे भोकांची सरळ जाळीनळी, भोवती काचेची लोकर. ती जळत नाही. आणि दोन नळ्यांच्या मधे, योग्य त्या जागी, एक आडवा पूल. एका अंगाचे दोन ठोके लागोपाठ आले, की दुसरा ठोका पुलावरून शेजारच्या नळीत जाईल. धक्का वाटून घेतला, की आवाज उतरतो आणि श्वासही मोकळा राहतो.

"मग तिसराच," बाई म्हणाल्या.

हिलालनं मान हलवली. तिसऱ्यानं गाडी गप्प होणार नाही, असं तो म्हणाला. हळू होईल, गप्प नाही. गप्पच हवी तर पहिला. आणि त्यानं विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय. "माले सांगा. तुम्हले काय जोयजे?"

बाईंना सगळे इतके दिवस विचारत होते, की गाडी ठेवायची कशाला. काय हवंय असं कुणी विचारलं नव्हतं. त्या लाकडी खोक्यावर बसल्या. पहिला रस्ता घेतला तर पैज हमखास जिंकता येत होती, आणि दोन वर्षांत इंजिन हमखास हरत होतं. तिसऱ्यात पैजच धोक्यात होती.

"मला ही गाडी मरेपर्यंत चालवायचीय," त्या म्हणाल्या. "मी मरेन नाही तर ती. जे आधी होईल ते. तिसरा."

कामाला पाच दिवस लागले. बाई जाऊन-येऊन एस.टी.नं धुळ्याला येत आणि खोक्यावर बसून पाहत. हिलाल पांझरा नदीची कोरडी, चाळलेली वाळू नळीत ठोकून भरी, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारी, आणि भट्टीत नळी लाल झाली की खांबाला अडकवून अंगाच्या जोरानं वाकवी. वाळू आत असली की नळी वाकते पण दबत नाही. बाक गोलच्या गोल राहतो. वाळू ओली राहिली तर वाफेनं बूच गोळीसारखं उडतं, म्हणून तो ती उन्हात दोनदा वाळवी. नळ्या त्यानं चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन बोटं वर घेतल्या. गतिरोधक बाईंनी त्याला हातानं मोजून दाखवला होता.

पाचव्या दिवशी पुलाची जागा ठरवायची होती. ती अंदाजानं ठरवली तर काही उपयोग नसतो. हिलाल शेडच्या कोपऱ्यातल्या मारुतीपाशी गेला, वाटीतला शेंदूर घेतला, त्यात तेल कालवलं आणि दोन्ही नळ्यांवर इंजिनापासून मागपर्यंत एक एक लांब पट्टा ओढला.

टायरवरचा ड्रायव्हर आजही होता. "मिस्त्री, गाडीना मारुती करी टाका का?"

"मारुतीले बी दम लागस," हिलाल म्हणाला.

बाईंनी ॲक्सिलरेटर सांगितला तेवढा दाबून दहा मिनिटं धरला. मग इंजिन बंद करून खाली वाकून पाहिलं. इंजिनाजवळ शेंदूर जळून काळा झाला होता, मग काळसर तांबडा, आणि एका ठिकाणापासून पुढं लालच्या लाल. दोन्ही नळ्यांवर तो बदल एकाच रेषेत होता. हिलालनं तिथं खडूची खूण केली. सगळ्यात जास्त धक्का इथवर येतो, आणि पूल इथंच. उरलेला शेंदूर पुसू का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे.

मग लळिंगचा घाट. हिलाल शेजारी बसला. दोन हातांनी डॅशबोर्ड धरून. धुळे मागं पडलं, चढ लागला, पुढं माल भरलेले ट्रक रांगेनं गुरगुरत होते. बाईंनी पाय दाबला. गाडीनं खालचा गियर घेतला आणि तो आवाज आला. तीन वर्षांत बाईंनी ऐकला नव्हता तो, फुटका नाही, पत्र्याचा नाही. खोलवरून एकसारखा येणारा, छातीच्या हाडात भरणारा. एक ट्रक मागं गेला, दोन, पाच. माथ्यावर पोचल्या तेव्हा तापमानाचा काटा मधोमध होता. हिलालनं टोपी काढून डोकं पुसलं.

"इंजिन नामी शे, भाभी. तेनं नाक दाबीसन ठेयेल व्हतं, बस."

परत आल्यावर त्यानं त्यांच्या हातात दोन लोखंडी टोप्या ठेवल्या. नळीच्या शेपटाला लावायच्या, मधे करंगळीएवढं भोक. एका सकाळपुरत्या लावा, असं तो म्हणाला. गाडी मांजरासारखी जाईल. स्थानक संपलं की काढून टाका. कुणाला कळणार नाही. "लई जा."

बाईंनी टोप्या डॅशच्या खणात टाकल्या. नको म्हणाल्या नाहीत.

आखाजीला पाच दिवस असताना, सोमवारी, नऊच्या ठोक्याला जायचं ठरलं. हिलाल मुद्दाम एस.टी.नं आला होता. वखारीच्या भिंतीपाशी उकिडवा बसला. पावणेनऊला बाईंनी खण उघडला. टोप्या पाहिल्या. लावायला दोन मिनिटं लागली असती.

"लावू का?" हिलालनं विचारलं.

"जी नळी घेऊन मी रोज या गल्लीतून जाणार, तीच घेऊन आज जाणार," बाई म्हणाल्या आणि खण लावला. "आज टोपी घालून गेले तर उद्यापासून चोरून जावं लागेल. ते नको."

अभयकुमार स्थानकाच्या बाहेर, पायरीवर उभा होता. त्याला मोटार आणि दार दोन्हीकडं लक्ष ठेवायचं होतं.

नऊला गाडी निघाली. पाय नुसता टेकवलेला. घुमघुम होती, पण खालच्या पट्टीत, जात्यासारखी. गतिरोधक आला, बाईंनी चाकं तिरपी घेतली, पोट खरवडलं नाही. स्थानकाच्या खिडक्या उजव्या हाताला उघड्या होत्या. आणि समोरून नथ्थूची सरकीची बैलगाडी आली.

वखारीचं एक दार याच गल्लीत होतं, नथ्थूला तिथं जायचं होतं. पोती शीगभर, आणि बैल मोटारीचं हिरवं नाक पाहून आडवा झाला. गल्ली बंद. मागं घ्यायला नथ्थूला जागा नव्हती, बाईंना तर वेळही नव्हता. त्या थांबल्या ते नेमक्या तिसऱ्या खिडकीसमोर. इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा चालू करताना त्यानं पहिला हुंकार दिला असता. बाईंनी बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या सरळ पुढं पाहत बसल्या.

"हाल ना रे, मेल्या!" नथ्थू ओरडला आणि त्यानं बैलाच्या पुठ्ठ्यावर काठी हाणली. "शेठाणी, मागं घ्या ना वो!"

त्याच क्षणी स्थानकातून येणारा महाराजसाहेबांचा आवाज थांबला.

अभयकुमारनं पायरीवरून ते ऐकलं. बाईंनी गाडीतून ऐकलं. चार-पाच सेकंद गल्लीत एकच आवाज होता, आठ सिलिंडरचा. मग आत कुणीतरी हळू काही बोललं, आणि प्रवचन पुढं सुरू झालं. बैल वळला. नथ्थूनं गाडी भिंतीला घासून काढली. बाई गल्लीच्या तोंडाशी गेल्या, पिंपळाखाली गाडी लावली आणि पाय ओढत स्थानकाच्या पायरीपाशी परत आल्या. हिलालही आला.

"थांबले," अभयकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "बाई, मी स्वतः ऐकलं. गाडी समोर उभी होती आणि महाराजसाहेब थांबले."

"थांबले ते मीही ऐकलं. कशानं थांबले ते मोठीबाई सांगतील."

"अजून काय सांगायचं राहिलं?"

"ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. पण साडेनऊला प्रवचन संपून माणसं बाहेर पडली तरी हीराबाई आल्या नाहीत. अभयकुमारनं आत डोकावून पाहिलं. त्या तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून, डोळे मिटून बसल्या होत्या. दुसरं सामायिक घेतलं होतं. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात संसारातला एक शब्द बोलायचा नाही, ऐकायचा नाही. मोटारीबद्दल तर नाहीच.

तिघं पायरीवर बसले. ऊन गल्लीत उतरलं. बाहेर पडणारी माणसं त्यांच्याकडं पाहत पुढं जात. सगळ्यांना पैज ठाऊक होती. एक म्हातारे काका थांबून म्हणाले, "लाडकुंवर, या वयात माळ ओढावी." बाई म्हणाल्या, "एका हातानं ओढते. गाडीला एकच हात पुरतो." काका गेले.

"तुमच्या गुडघ्याचं मला माहीत आहे," अभयकुमार मधेच म्हणाला. "मी विसरलो नव्हतो."

"मग?"

"मला वाटायचं, एक दिवस तुम्ही रस्त्यात कुठंतरी बंद पडाल. एकट्या."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "तुझे वडील शिरपूरच्या रस्त्यावर दोनदा बंद पडले होते. त्यांना कुणी मागं बसवलं नाही."

सव्वादहा उलटल्यावर हीराबाई उठल्या. आसन गुंडाळलं, मुहपत्ती सोडली, भिंतीला धरून बाहेर आल्या. उपासाचा दिवस होता. ओठ सुकले होते.

"मोठीबाई, महाराजसाहेब थांबले होते ना?" अभयकुमारनं विचारलं.

"थांबले."

हिलालनं मान खाली घातली. बाई हलल्या नाहीत.

"गाडीनं?"

"गाडी तर आधीच आली होती. येऊन उभी राहिली. ऐकू येत होती. वखारीपलीकडची गिरणी ऐकू येते तेवढी. तेव्हा ते क्रोधाबद्दल सांगत होते." हीराबाईंनी डोळे मिटून सांगितलं, "'क्रोध आधी स्वतःचं घर जाळतो, मग शेजाऱ्याचं. आणि शेजाऱ्याकडं पाणी असतं.' इथवर सगळं नीट ऐकलं मी. मग तो नथ्थू ओरडला आणि काठीचा आवाज आला. महाराजसाहेब थांबले आणि म्हणाले, त्या गाडीवानाला कुणीतरी सांगा, बैलाला मारू नको म्हणावं. मग पुढं बोलले."

"मोटारीबद्दल काही म्हणाले?"

"मोटारीबद्दल कशाला म्हणतील? मोटारीला कुणी मारत नव्हतं."

अभयकुमारनं रुमालानं मान पुसली. तो हिशेबी होता, पण हिशेबाला पक्का होता.

"जळगावच्या मिस्त्रीला काय कळवू?"

"कळव, ते इंजिन विहिरीवर बसतं का बघ म्हणावं. चिमठाण्याची मोटर दोनदा जळलीय यंदा."

"आवाज तर येतोच, पण," तो म्हणाला; भांडण म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून.

"येतो. यायलाच हवा. मी येतेय हे गल्लीला कळू दे." बाई उठल्या, पिंपळाकडं निघाल्या, डॅशचा खण उघडून दोन्ही टोप्या काढल्या आणि हिलालच्या हातात दिल्या. अभयकुमारनं विचारलं, हे काय. हिलाल म्हणाला, "काही नही. लागन्यात नही."

हीराबाई गाडीपाशी येऊन उभ्या होत्या. एकोणीस वर्षं ती गाडी त्यांच्या दारावरून जात होती, आणि त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. त्यांच्या यजमानांना ते थिल्लर वाटे.

"मला घरी सोडतेस?" त्यांनी विचारलं. घर शंभर पावलांवर, मागं होतं. गाडीचं तोंड रस्त्याकडं.

"आधी वळवायला रस्त्यापर्यंत जावं लागेल."

"जाऊ की."

त्या पुढच्या सीटवर बसल्या, आसन मांडीवर घेऊन. रस्ता लागला, मग गावाबाहेरची वळणं, मग नंदुरबारच्या बाजूला सरळ मोकळा डांबरी पट्टा. वळवायची जागा तीनदा मागं गेली. हीराबाईंनी कान देऊन ऐकलं.

"एवढाच आवाज?" त्या म्हणाल्या. "याच्यासाठी एवढं रामायण?"

लाडकुंवरबाईंनी उजवा पाय तळापर्यंत दाबला.